नजरेआडचे मास्तर

गळ्यात गायीची घंटा बांधून माळावर फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता.

नगरला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा लढाई नुकती कुठे पेटली होती. माझ्याबरोबर आई होती. दोन बायका, त्यातल्या एकीचा नवरा वारलेला आणि दुसरीनं अजून केलेलाच नाही, म्हटल्यावर कुणी सहजी जागा देत नसे. माळीवाड्यात एका फोटो स्टुडिओच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं.

"पन मालक जरा तसा हाय," तो म्हणाला.

"तसा म्हणजे?"

"येडा न्हाई. मानूस लई चांगला. पन हाय जरा."

आम्ही गेलो तर दुकानात कुणी दिसेना. एक पडदा, त्यावर रंगवलेलं तळं आणि तळ्यात दोन हंस, पुढे एक खुर्ची. आईनं "कुणी आहे का घरात?" अशी हाक मारली, तर "आहे की," असं उत्तर आमच्या पाठीमागून आलं. दाराशेजारच्या बाकावर मालक, म्हणजेच मास्तर, बसले होते. आम्ही त्यांच्या गुडघ्याला लुगडी घासत आत शिरलो होतो, तरी दोघींनाही ते दिसले नव्हते. आई दचकली. ते मात्र खूश झाले. जागा आम्हाला मिळाली ती त्यामुळेच, असं मला पुढे कायम वाटत आलं.

त्यांच्या अंगावर नेहमी वाळल्या गवताच्या रंगाचे कपडे असत. कोट तसा, धोतर तसं, डोक्यावरची टोपीसुद्धा तशीच. चेहरा असा की एकदा बघून दुसऱ्यांदा ओळखायला कठीण जावा. त्यांचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. ते स्वतः मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथेच काही वर्षं चित्रकला शिकवत होते, म्हणून मास्तर. नोकरी का सोडली असं मी विचारलं, तर म्हणाले, "वर्गात सारखं 'इकडे बघा, इकडे बघा' म्हणावं लागतं. मला ते जमेना. मला कुणी माझ्याकडे बघितलेलं सोसत नाही."

आता घंटेचं सांगते. मास्तरांना काळविटांचे फोटो काढायचे असत. कर्जतकडच्या माळावर तेव्हा काळविटांचे कळपच्या कळप होते. माणूस दिसला की ते उधळत, पण गाईगुरं शेजारी चरत असली तर मानही वर करत नसत. हे मास्तरांच्या लक्षात आलं. मग त्यांनी बाजारातून गायीच्या गळ्यातली घंटा आणली, ती स्वतःच्या गळ्यात बांधली, पाठीवर घोंगडं घेतलं आणि ओणवं होऊन, चरत चरत जावं तसं, कळपाच्या रोखानं न जाता तिरकं जायला लागले. मध्येच थांबायचं, मध्येच मागे फिरायचं. त्यांच्या मते घाई ही एकच गोष्ट जनावराला लांबून कळते. आपला रंग, आपला वास, यांचं ते फारसं मनावर घेत नाही, पण आपल्याला काहीतरी हवं आहे हे कळलं की ते पळतं.

"आणि माणसाचंही तेच," ते म्हणायचे. "भाजीवालीपुढे जाऊन उभं राहा आणि मनात म्हणा, हिचा फोटो पाहिजे. ती लगेच पदर सावरते की नाही बघा."

घरातही ते इतके बिनआवाजाचे चालत की रूथबाई, म्हणजे त्यांची बायको, पोळी उलटता उलटता किंचाळायच्या. रूथबाई बोलायला मोकळ्या आणि आवाजाला खणखणीत. एकदा त्यांनी वैतागून ती घंटाच मास्तरांच्या गळ्यात घातली. "माळावर गाय होता ना? मग घरात पण व्हा. निदान कळेल तरी कुठे हाय ते." मास्तरांनी ती दिवसभर काढली नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी नाही.

गिऱ्हाइकांची तऱ्हा सांगायलाच हवी. लोक फोटो काढायला यायचे म्हणजे ठेवणीतले कपडे घालून, तेल लावून, श्वास रोखून खुर्चीवर बसायचे. मास्तर काळ्या फडक्यात डोकं घालायचे, बाहेर काढायचे, पुन्हा घालायचे. मग म्हणायचे, "झालं. उठा." बसलेला माणूस हुश्श करायचा, खांदे सैल सोडायचा, बायकोकडे बघून हसायचा, आणि त्याच क्षणी मास्तर खटका दाबायचे. फोटो हातात पडला की भांडण ठरलेलं. भिंगारचे एक गृहस्थ मुलीचा फोटो काढून घेऊन गेले होते, सोयरिकीसाठी पाठवायला. फोटोत मुलगी तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत होती.

"अहो मास्तर, हा काय फोटो झाला? पाव्हणे म्हनतील पोरगी थिल्लर हाय!"

"हसते छान ती," मास्तर म्हणाले.

"हसायला नव्हं आनली हुती तिला!"

त्यांनी फोटो टाकून दिला आणि दुसऱ्या स्टुडिओत गेले. दोन दिवसांनी ती मुलगी मैत्रिणीला घेऊन गुपचूप आली आणि टाकलेला फोटो मागून घेऊन गेली. असल्या गोष्टींवर संसार चालत नाही. तो चालत होता रूथबाईंच्या शिवणयंत्रावर आणि आमच्या भाड्यावर.

मंगळवारच्या बाजारात मास्तर केरसुण्या विकायला बसत. विकायला म्हणजे बसायला. बाजारात नुसता बसलेला माणूस डोळ्यांवर येतो, पण पुढ्यात केरसुण्या असल्या की तो बाजाराचाच होतो. कॅमेरा केरसुण्यांच्या आत, वरून एक फडकं. गिऱ्हाईक लागू नये म्हणून ते भाव असा सांगत की माणूस हबकून पुढे जाई. एक म्हातारी मात्र अडून बसली.

"एवढा भाव? सोन्याच्या काड्या हायेत व्हय रं?"

"परवडत नसेल तर राहू द्या, आजी."

"परवडत न्हाई कसं? माजा ल्योक मिलटरीत हाय. दे सगळ्या!"

आणि खरोखरच तिनं सगळ्या केरसुण्या उचलल्या. मास्तर बाजारात कॅमेरा मांडीवर घेऊन उघडे पडले, आणि दोन्ही हातांनी तो झाकत घरी आले. रूथबाईंना आठवडाभर हसू आवरेना.

एकदा मी हट्टानं त्यांच्याबरोबर माळावर गेले. रूथबाई आणि आईही होत्या. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार मिरजगावपर्यंत धापा टाकत गेली आणि पुढे बैलगाडी. माळावर एका शेतकऱ्यानं आम्हाला हटकलं. मास्तरांनी फोटोचं सांगितल्यावर तो म्हणाला, "फोटू कसला काढताय? बंदूक आना बंदूक. समदी ज्वारी खाल्ली भाड्यांनी." मग आमच्याकडे बघून, बायकामाणसांसमोर शिवी गेली म्हणून जीभ चावली आणि आम्हाला प्यायला पाणी आणून दिलं.

आम्ही तिघी तरवडाच्या झुडपामागे बसलो. मास्तर घंटा वाजवत गेले. किती वेळ गेला कोण जाणे, आईला डुलकी लागली, रूथबाईंनी बरोबर आणलेलं विणकाम काढलं. ऊन कलायला लागलं तेव्हा मास्तर कळपाच्या इतके जवळ होते की मला वाटलं, आता हात लावतील. एक मोठा काळा नर, पिळाची शिंगं मागे टाकलेला, त्यांच्यासमोर आडवा उभा होता. मास्तरांनी कॅमेरा घोंगड्याबाहेर काढला. आणि परत आत घेतला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "का नाही काढलात?"

"तो बघत होता माझ्याकडे."

"मग काय झालं? छान दिसला असता."

"बाई," ते मला बाईच म्हणत, "बघणाऱ्याचा फोटो माझ्या दुकानात रोज मिळतो. त्यासाठी मिरजगावला यायला नको."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पुढचं तसं नाही.

नगरचा भुईकोट किल्ला गावाला लागून आहे. भोवती खोल खंदक, खंदकात बाभळी आणि निवडुंग. या खंदकाच्या भिंतीत एका कपारीत शिंगवाल्या घुबडाची जोडी राहायची. डोक्यावर पिसांचे दोन तुरे असतात म्हणून शिंगवालं म्हणायचं, असतं चांगलं मांजराएवढं. मास्तरांचं त्या घुबडांवर बरीच वर्षं लक्ष होतं. थंडीत ती अंडी घालत आणि होळीच्या सुमाराला पिल्लं कपारीच्या तोंडाशी येऊन उन्हात बसत. त्या पिल्लांचा आणि आईचा एकत्र फोटो मास्तरांना हवा होता. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "घुबडाचा फोटो? आणि तो या घरात ठेवणार? मास्तर, देवानं मोर काय कमी केलेत?" मास्तर म्हणाले, "आजी, मोराकडे सगळेच बघतात."

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर किल्ल्यात देशाचे मोठमोठे पुढारी आणून कोंडले. पहारे बसले, किल्ल्याच्या बाजूला कुणी फिरकेना. मास्तरांना याचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. ते वर्तमानपत्र वाचत, हळहळत. पण थंडी सरली आणि पिल्लं बाहेर येण्याचे दिवस आले तेव्हा ते अस्वस्थ झाले. रूथबाईंनी बजावलं, "तिकडे पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ हाय." मास्तर हो म्हणाले आणि एका रविवारी, रूथबाई उपासनेला गेलेल्या असताना, गवताच्या रंगाचं घोंगडं घेऊन गेले.

दुपारी मी माडीच्या सज्ज्यात कपडे वाळत घालत होते. खाली गलका झाला. दोन पोलिसांच्या मध्ये मास्तर चालत येत होते, मागे फौजदार आणि त्यामागे निम्मा माळीवाडा. खंदकाकडून परतताना भिंगारच्या रस्त्यावर त्यांना पकडलं होतं. कॅमेरा एका पोलिसाच्या हातात. फोटोच्या काचेच्या प्लेटा ठेवायच्या चपट्या लाकडी डब्या मास्तरांच्या पिशवीत होत्या. फौजदारांनी त्या उघडू दिल्या नव्हत्या. उजेड लागला की प्लेट बाद होते एवढं त्यांना माहीत होतं. समजूतदार गृहस्थ होते ते. अंगणात खुर्ची मागवून बसले आणि म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही म्हणता घुबड. ठीक आहे. तुमच्या अंधाऱ्या खोलीत चला, माझ्यासमोर प्लेटा धुवा. घुबड निघालं तर मी स्वतः तुम्हाला इथं सोडून जातो."

रूथबाई तोवर परत आल्या होत्या. त्यांनी देवाचे आभार मानले, तेही मोठ्यानं. मलाही हायसं वाटलं. मास्तरांनी पिशवीतून डब्या काढल्या. हातात घेऊन क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग अंगणाच्या मधोमध, भर उन्हात, एकेका डबीचं झाकण सरकवून त्यांनी ती सूर्याकडे धरली. एकही ठेवली नाही.

फौजदार उठून उभे राहिले.

"हे काय केलंत?"

"ऊन लागलं," मास्तर म्हणाले.

"लागलं नाही. तुम्ही लावलंत. काय होतं त्यांत?"

"घुबड."

"घुबडासाठी कुणी असं करतं का, मास्तर?"

मास्तर डब्यांची झाकणं लावू लागले. फौजदारांचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा "मास्तर" म्हटलं नाही. घराची झडती झाली. कपाटातल्या धुतलेल्या प्लेटा उजेडाला धरून त्यांनी एकेक बघितली. बगळे, काळविटांचे कळप, शेळ्या, बाजारातल्या बायकांच्या पाठी, झोपलेला हमाल, जांभई देणारा टांगेवाला. शेवटी ते चिडून म्हणाले, "या माणसाला समोरून तोंड काढता येत नाही का?" आणि मास्तरांना घेऊन गेले.

रूथबाई कधी नाहीत त्या गप्प झाल्या. रोज डबा घेऊन जात आणि डबा देऊन परत येत. पाद्रीसाहेबांनी खटपट केली, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी माणूस सज्जन असल्याचं लिहून दिलं. पुरावा काहीच नव्हता. पाऊस सुरू व्हायच्या आधी मास्तर सुटले. हडकलेले होते, दाढी पांढरी झाली होती. कॅमेरा मात्र मिळाला नाही, तो पुढेही कधी मिळाला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. रूथबाईंनी मटण केलं होतं, आईनं पुरण घातलं होतं. जेवणं झाल्यावर रूथबाई म्हणाल्या, "आता सांगा. बाईंच्या समोर सांगा म्हणजे खोटं बोलायचं न्हाईत. काय हुतं त्या काचेत?"

मास्तरांनी सांगितलं.

ते खंदकाच्या काठाला निवडुंगात पडून होते. वर कपारीत घुबड आणि तिची दोन पिल्लं उन्हात डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात बरोबर त्या कपारीखाली पहाऱ्यावरचा एक शिपाई आला. त्यानं इकडे तिकडे बघितलं. बंदूक बाभळीला टेकवली, बूट काढले, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या सोडल्या, पाय उन्हात पसरले आणि फडक्यातून भाकरी काढून, कांदा बुक्कीनं फोडून खायला बसला. खाता खाता त्यानं वर बघितलं. घुबडानं डोळे उघडून खाली बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही काही वाटलं नाही. तो जेवत राहिला, ती डोळे मिटून बसली.

"एकाच फोटोत दोन्ही," मास्तर म्हणाले. "माळ आणि बाजार. मी जन्मभर वेगवेगळं काढत आलो. त्या दिवशी एका चौकटीत आलं. आणि दोघांपैकी कुणालाही मी दिसलो नव्हतो."

मला सगळा उलगडा झाला. तो फोटो फौजदारांनी पाहिला असता, तर पहाऱ्यावर बंदूक टेकवून बूट काढून बसलेला शिपाई त्यात स्पष्ट होता. लढाईचे दिवस, किल्ल्यात असले कैदी. त्या माणसाचं काय झालं असतं ते सांगायला नको.

"मग तेवढीच एक डबी उघडायची," रूथबाई म्हणाल्या. "बाकीच्यात घुबड दिसलं असतं. तुम्ही सुटला असतात."

"तेवढीच उघडली असती तर तीत काहीतरी आहे हे कळलं असतं. मग त्या वेळी पहाऱ्यावर कोण होता ते काढलं असतं त्यांनी."

"कोन तुमचा तो? नाव माहीत हाय त्याचं?"

"नाही."

रूथबाईंचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "नाव माहीत न्हाई, गाव माहीत न्हाई! मी हितं पोलिसांच्या दारात डबा घेऊन उभी! बायकोची दया आली न्हाई, शिपायाची आली!" त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मास्तर त्यांच्या शेजारी सरकून बसले. त्यांना समजावता येत नसे. थोड्या वेळानं म्हणाले, "रूथ, अगं मी त्याला न विचारता घेतलं होतं. न विचारता घेतलेल्या गोष्टीपायी त्याचं वाईट होऊन चालेल का?"

मी त्या वेळी तरुण होते, चळवळीच्या बातम्यांनी भारलेली होते. मी म्हणाले, "पण मास्तर, तो त्यांचाच माणूस. आपल्या पुढाऱ्यांवर पहारा करणारा."

"भाकरी खात होता हो बाई," मास्तर म्हणाले. "भाकरी खाताना माणूस कुणाचा नसतो."

रूथबाई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पाद्रीसाहेबांकडे जाऊन, त्यांच्याकडे धूळ खात पडलेला एक जुना कॅमेरा त्यांनी मागून आणला आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या. पन किल्ल्याकडे गेलात तर मीच फौजदाराला बोलावीन."

गावात मात्र वेगळीच गोष्ट शिजत होती. अंगणात जमलेल्या निम्म्या माळीवाड्यानं मास्तरांना प्लेटा उन्हात धरताना पाहिलं होतं. आत काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकानं आपापल्या परीनं ते भरलं. मास्तरांनी किल्ल्यात शिरून पुढाऱ्यांचे फोटो काढले. पुढाऱ्यांनी लिहिलेल्या गुप्त निरोपाचे फोटो काढले. पोलिसांनी छळ केला तरी तोंड उघडलं नाही. लोक दुकानासमोरून जाताना हळूच हात जोडायला लागले. मास्तर वैतागायचे. "अहो, घुबड होतं!" शिपायाचं ते कुणाला सांगणं शक्यच नव्हतं, आणि नुसत्या घुबडावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. लोक डोळे मिचकावून म्हणायचे, "बरोबर हाय मास्तर. घुबडच म्हना."

स्वातंत्र्य मिळालं आणि सत्कार ठरला. मास्तर जाणार नव्हते. रूथबाईंनी त्यांना धुतलेला कोट घालून ढकलत नेलं. व्यासपीठावर त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. शाल घातली, नारळ दिला, गळ्यात झेंडूचा हार. इतके लोक आपल्याकडे बघताहेत हे पाहून त्यांना घाम फुटला होता. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उठले आणि म्हणाले, "मंडळी, मी घुबडाचा फोटो काढायला गेलो होतो. मी देशासाठी काही केलेलं नाही. ज्यांनी केलं त्यांना हा हार द्या."

एकच हशा आणि टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्ष उठून म्हणाले, "पाहा, खरा देशभक्त किती नम्र असतो!" मास्तर हार गळ्यात घेऊन तसेच उभे. मी पहिल्या रांगेत होते. इतका असहाय चेहरा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

त्यानंतर त्यांचं काम बुडालं. फोटोच्या धंद्याचं म्हणत नाही, तो उलट वाढला. देशभक्ताच्या हातून फोटो काढून घ्यायला तालुक्याच्या गावांतून लोक येऊ लागले, गांधीटोप्या घालून, श्वास रोखून. "झालं, उठा" म्हटलं तरी आता कुणी सैल होईना. मास्तरांसमोर सैल बसणं त्यांना बरं दिसत नसे. मंगळवारी केरसुण्या घेऊन बाजारात बसले तर भोवती गर्दी जमली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा. भाजीवाल्या पदर सावरून हात जोडू लागल्या. शाळेची मुलं लांबूनच "मास्तर, जय हिंद!" म्हणून ओरडायची. ज्या माणसाच्या गुडघ्याला लुगडं घासून आम्ही गेलो तरी जो दिसला नव्हता, तो आता सगळ्या नगरला कुठूनही दिसत होता.

माळ तेवढा उरला होता. ते कर्जतला जाऊन येत, पण पूर्वीसारखे खुलत नसत.

"काळवीट आहेत ना," मी एकदा म्हणाले.

"आहेत. पण हरणं भांडत नाहीत, बाई. हिशेबावरून हुज्जत घालत नाहीत. जावयाची चहाडी करत नाहीत." मग म्हणाले, "मला माणसांची सवय आहे."

रूथबाईंनी हे ऐकलं असावं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच घर विकायचं ठरवलं. जामखेडकडे एका खेड्यात त्यांचा भाऊ शाळामास्तर होता. तिथे नवऱ्याला कुणी ओळखत नव्हतं, एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. ज्या बाईनं त्यांना ढकलत सत्काराला नेलं होतं तिनंच त्यांना तिथून काढून नेलं. शिवणयंत्र गाडीत चढवताना त्या माझ्या आईच्या गळ्यात पडून रडल्या. मास्तर कधी गाडीत बसले ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर दीडएक वर्षानं मी परीक्षेच्या कामासाठी जामखेडला गेले होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. काम आटोपून मी बाजारातून चालले होते आणि शेळ्यांच्या बाजाराच्या कडेला, चिंचेखाली, चार शेळ्या बांधून बसलेला एक माणूस माझ्या नजरेतून निसटला. दहा पावलं गेल्यावर मला काहीतरी वाटलं, म्हणून मी वळून बघितलं. घोंगडं, वाळल्या गवताच्या रंगाची टोपी. चेहरा भरलेला दिसत होता, उन्हानं रापला होता. मांडीवर फडकं आणि फडक्याखाली काहीतरी चौकोनी.

हाक माझ्या ओठांवर आली होती. आईचा निरोप होता, रूथबाईंची चौकशी करायची होती, किती बोलायचं होतं. पण मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या पलीकडे बघत होते. मी मान वळवली. कासाराच्या पाटीसमोर एक म्हातारा शेतकरी बायकोच्या हातात बांगड्या चढवत होता. कासाराला बाजूला सारून स्वतःच चढवत होता, आणि ती दुखतंय म्हणून त्याच्या खांद्यावर चापट्या मारत होती. भोवतीच्या गर्दीत दोघांनाही कुणाची शुद्ध नव्हती. आणि मी बरोबर मध्ये उभी होते.

मी बाजूला झाले. शेजारी मिरच्यांचा ढीग होता तिथे वाकून भाव विचारायला लागले. मिरचीवाली हुशार होती, तिनं माझ्याकडे आणि चिंचेकडे आळीपाळीनं बघितलं.

"वळकीचं हायती का कुनी, ताई?"

"नाही हो," मी म्हणाले, आणि मिरच्यांसाठी पिशवी पुढे केली.